आत्याचं होल्स्टर आणि मी

सुरुवातीलाच सांगून टाकते, पिस्तुलाला काहीही झालेलं नाही. ते सुखरूप आहे. ही हकिगत ऐकली की लोक आधी पिस्तुलाची चौकशी करतात, मग आत्याच्या पँटची, मग मोठ्या साहेबांच्या चष्म्याची. माझी कोणी करत नाही. मी कशी आहे, जेवते का, शाळेत तोंड दाखवते का, हे विचारावंसं एकालाही वाटलेलं नाही. बरोबरच आहे म्हणा. मी लोकांच्या जागी असते तर मीही चष्म्याचंच विचारलं असतं.

माझी आत्या आमच्याकडेच राहते आणि बँकेच्या मुख्य कचेरीत रक्षक आहे. तिथे कमरेला पिस्तूल लावणारी ती एकटीच बाई. ते पिस्तूल तिला कोणी हौसेने दिलेलं नाही. आधी कित्येक वर्षं तिला फाटकावरच्या टेबलाशी बसवून ठेवलं होतं. येणाऱ्याला ‘कोणाकडे? काय काम?’ विचारायचं, पास फाडून द्यायचा, जाताना परत घ्यायचा. नेमबाजीच्या परीक्षेत तिने सगळ्या बाप्यांना मागे टाकलं तेव्हा कुठे ते टेबल सुटलं आणि ती आत, तिजोरीच्या दारापाशी गेली. आमच्या घरात ‘टेबल’ हा शब्दसुद्धा जरा जपूनच वापरतात.

तर आत्याचं होल्स्टर फाटलं. होल्स्टर म्हणजे पिस्तूल ठेवायचं ते कमरेचं चामडी कव्हर. आई त्याला ‘पिस्तुलाचं पाकीट’ म्हणते आणि आत्या दर वेळी डोळे मिटून घेते. कडेची शिवण इतकी उसवली होती की आतलं पिस्तूल बाहेरच्या जगाकडे बघत असायचं. आत्याने कचेरीच्या भांडार विभागात नवं मागितलं. ते म्हणाले, आधी जुनं जमा करा. आत्या म्हणाली, घ्या. ते म्हणाले, असं कसं? कामावर असताना होल्स्टर काढणं हा नियमभंग आहे. मग सुट्टीच्या दिवशी आणून देते, म्हणाली. तर म्हणे सुट्टीवरच्या माणसाकडून आम्ही वस्तू घेत नाही. आत्या तिथून परत आली ती तेच फाटकं होल्स्टर लावून.

त्यातच मोठ्या साहेबांची वार्षिक पाहणी जाहीर झाली. साहेबांचा खाक्या सगळ्यांना माहीत होता. ज्याचं साहित्य धड नाही त्याचं शस्त्र जमा, आणि तो माणूस थेट फाटकावर. म्हणजे टेबल.

“स्वतःचं आणलेलं चालत नाही का?” बाबांनी विचारलं.

“चालतं. काळं पाहिजे आणि पिस्तूल एका हाताने निघालं पाहिजे, एवढंच. पण हल्ली असं शिवून देतो कोण?”

इथे मी उभी राहिले. खरं तर मी बसूनही बोलू शकले असते, पण ते दिवसच तसे होते. शाळेच्या हस्तकला प्रदर्शनात माझ्या चामड्याच्या पट्ट्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याआधी मी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायचे. बक्षीस मिळालं आणि माझ्या घशातलं काहीतरी एकदम मोकळंच झालं. नंतर ते बंद करायचं बटण कोणालाच सापडेना.

“मी देते!” मी म्हणाले. “हाताने शिवलेलं! दुहेरी टाक्याचं! मशीनपेक्षा भारी!”

आत्याने माझ्याकडे बघितलं. नको म्हणायला तिचं तोंड उघडलंही होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ते टेबल आलं असणार. तिने तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी ही बातमी वर्गात सांगितली, मग मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गात सांगितली, मग हस्तकलेच्या बाईंना सांगितली. त्यांनी त्यांच्या कपाटातला जाड चामड्याचा तुकडा, ते कापायची रापी, भोकं पाडायची आरी आणि मेण लावलेला दोरा दिला आणि म्हणाल्या, “घाई करू नकोस.” मी घाईघाईने हो म्हणून पळाले.

आता होल्स्टर म्हणजे काही पिशवी नव्हे. चामडं कापायचं, शिवायचं, मग ते ओलं करून पिस्तुलाभोवती दाबून दाबून बसवायचं, म्हणजे वाळल्यावर ते पिस्तुलाचा आकार धरून ठेवतं. सगळी मेख त्या दाबण्यात आहे. पण दाबायला पिस्तूल हवं, आणि आत्याचं पिस्तूल रोज संध्याकाळी कचेरीच्या शस्त्रागारात जमा होतं. ती घरी आणू शकत नाही, आणि आणलं असतं तर आई घरी राहिली नसती. म्हणून आत्याने कामावर कागद ठेवून पिस्तुलाची बाह्यरेषा काढून आणली, दोऱ्याने जाडी मोजून दोऱ्याला गाठी मारून आणल्या. मी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून एक पिस्तूल कापलं आणि ते डोळ्यासमोर बरोबर येतंय का बघायला गॅलरीत जाऊन, एक डोळा मिटून, समोर धरलं.

पलीकडच्या गॅलरीत समोरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या.

थोड्याच वेळात दारात आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी काका, आणि त्यांच्या मागे, त्यांच्या खांद्याआडून, समोरच्या काकू.

“माझ्यावर नेम धरला होता हिने,” काकू म्हणाल्या. “अगदी डोळा मिटून!”

“पुठ्ठ्याचं आहे, काकू.”

“मला काय माहीत? मी काय पुठ्ठा ओळखत बसू मरताना?”

आईने चहा टाकला. चहा झाला की आमच्या बिल्डिंगमध्ये तक्रारीचा सल्ला होतो. सेक्रेटरी काकांनी सगळा प्रकार समजून घेतला, पुठ्ठ्याचं पिस्तूल उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, “याच्यावर चामडं बसायचं नाही. भरीव नमुना हवा, भरीव.”

“लाकडाचा करू का?” मी म्हणाले.

“लाकूड कशाला? कोरत बसशील परीक्षेपर्यंत. साबण घे! कपड्याच्या साबणाची ती लांब वडी असते ना, ती. दोन वड्या जोडायच्या आणि सुरीने कोरायच्या. आम्ही शाळेत साबणाचे हत्ती करायचो. माझ्या हत्तीला तर नखंसुद्धा होती.”

“नखंसुद्धा!” काकू म्हणाल्या.

“पण साबण पाण्यात…” बाबा म्हणाले.

माझे बाबा फार शांत माणूस आहेत. त्यांची वाक्यं सुरू होतात, पण पूर्ण व्हायला घरात जागा नसते. तेवढ्यात काकूंना कुठला साबण कडक असतो ते आठवलं, आईला घरातला कुठला संपलाय ते आठवलं, काका हत्तीच्या सोंडेवर आले आणि बाबांचं वाक्य चहाबरोबर संपून गेलं.

साबणाचं पिस्तूल मात्र देखणं झालं. खोटं नाही सांगत. पिवळं, लिंबाच्या वासाचं, दोऱ्याच्या गाठींशी तंतोतंत जुळणारं. आत्याने ते हातात घेतलं आणि क्षणभर तिचा चेहरा इतका उजळला की मला तिथेच रडू आलं असतं, पण तेव्हा मी रडणाऱ्यांतली राहिले नव्हते. चामडं कापलं, भोकं पाडली, दोन सुयांनी दोन्हीकडून टाके घातले. बोटांची चाळण झाली, ती मी शाळेत सगळ्यांना दाखवली.

मग आला दाबण्याचा दिवस.

चामडं कोमट पाण्यात भिजवलं, साबणाचं पिस्तूल आत घातलं आणि मी दोन्ही हातांनी दाबायला लागले. बघायला काका आणि काकू हजर होतेच. जरा वेळाने शिवणीतून पांढरा फेस यायला लागला.

“हे काय?” आईने विचारलं.

आता इथे एखाद्या साध्या मुलीने विचार केला असता. पण मी बक्षीसपात्र मुलगी होते.

“चामड्यातला मळ निघतोय,” मी म्हणाले.

“किती मळ असतो बघा!” काका म्हणाले. “आणि हेच लोक दुकानात नवं म्हणून विकतात.”

“निघू दे, सगळा निघू दे,” काकू म्हणाल्या आणि बाह्या सरसावून बसल्या. “दे इकडे, तुझ्या हातांत जोर नाही.”

आम्ही आळीपाळीने दाबलं. काकूंनी दाबलं, काकांनी दाबलं, आईनेही एकदा. जितका जास्त फेस तितका आम्हाला आनंद. मधूनमधून मी आणखी पाणी ओतत होते, म्हणजे मळ राहायला नको. बाबा दारात उभे होते. “मी काय म्हणतो…” ते म्हणाले, आणि काकूंनी त्यांना बादली भरून आणायला पाठवलं.

होल्स्टर वाळल्यावर आतला साबण ओढून काढला तर तो आजारातून उठलेल्या माणसासारखा बारीक झाला होता. नळीची तर पेन्सिलच झालेली. ते मला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मी स्वतःला समजावलं की चामडं ताणतं, उलट घट्ट असलेलंच बरं, पिस्तूल पडायची भीती नको. माझ्याजवळ त्या दिवसांत प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं.

मग कडा घोटल्या. पळीच्या लाकडी मुठीने, पाणी लावून, घासून घासून, त्या काचेसारख्या गुळगुळीत होईपर्यंत. काळा रंग दिला. मेण चोळलं. टेबलावर ठेवलं तेव्हा ते इतकं सुंदर दिसत होतं की आई त्याला पहिल्यांदाच ‘होल्स्टर’ म्हणाली.

मेण सुकायला वेळ लागल्यामुळे पाहणीच्या दिवशी सकाळी आत्या पुढे गेली आणि होल्स्टर घेऊन मी मागून गेले. कचेरीच्या फाटकावर, त्याच त्या टेबलाशी, एक जाडजूड मिशीवाले काका बसले होते.

“पिशवीत काय आहे?”

“होल्स्टर.”

“म्हणजे आत शस्त्र आहे.”

“नाही, नुसतं होल्स्टर.”

“शस्त्र नाही तर होल्स्टर कशाला? आणि शस्त्र असेल तर परवाना दाखव.”

यावर मी त्यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. पहिलं बक्षीस, दुहेरी टाका, कडा कशा घोटायच्या, बोटांना पडलेली भोकं. मी सांगत होते आणि ते ऐकत होते. शेवटी तर ते उठून उभेच राहिले.

“तू केलंस हे? एवढ्याशा पोरीने?” त्यांनी होल्स्टरवरून हात फिरवला. “माझ्या मुलाला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही. तो कॉलेजात आहे.” त्यांनी मला पास दिला, आत्याला बोलावून होल्स्टर तिच्या हाती दिलं आणि शिवाय फाटकाजवळच्या त्यांच्या केबिनच्या खिडकीशी उभं राहून पाहणी बघायची परवानगीही दिली.

आत्याने शस्त्रागाराच्या दारात पिस्तूल आत घातलं. रिकामं होतं, पाहणीला गोळ्या देत नाहीत. ते सहज गेलं नाही. आत्याने दोन्ही हातांनी दाबलं, मग टेबलाच्या कडेला टेकवून दाबलं, आणि एक ‘फस्स’ असा आवाज होऊन ते आत गेलं. तिने लांबून माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला. तो अंगठा मला अजून आठवतो.

अंगणात रक्षकांची रांग उभी राहिली. धूळ बसावी म्हणून माळी नळीने कडेच्या मातीवर पाणी मारत होता. मोठे साहेब आले. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे. एकेकाच्या समोरून जात आत्यापाशी थांबले, होल्स्टरकडे बघितलं आणि मान हलवली. चांगल्या अर्थाने! मला दिसलं! फाटकवाल्या काकांनी मला कोपराने ढोसलं. मग साहेब मागे सरले आणि हुकूम सुटला:

“शस्त्र बाहेर!”

खट्कन सगळी पिस्तुलं बाहेर आली. एक सोडून.

आत्याने ओढलं. पिस्तूल नाही आलं, पट्टा वर आला. पुन्हा ओढलं. पट्टा बरगड्यांपर्यंत आला, पँट पट्ट्याबरोबर वर सरकली आणि घोट्यांवरचे मोजे दिसायला लागले. पाहणीच्या रांगेतला माणूस न हलता उभा असतो असं म्हणतात, पण शेजारच्या पोटवाल्या रक्षकाला राहवेना. त्याने पट्टा खाली धरला, आत्याने पिस्तूल वर ओढलं, आणि दोघं जागच्या जागी गोल फिरायला लागली.

“तेल लावा,” कोणीतरी म्हणालं.

“तेलाने चामडं फुगेल. पाणी मारा.”

“ए माळीबुवा!”

नको, असं मी म्हणाले. म्हणजे मला वाटतं मी म्हणाले. माझ्या घशातलं जे मोकळं झालं होतं ते नेमकं त्याच वेळी पुन्हा बंद झालं.

पाणी पडलं. क्षणभर काही झालं नाही. मग आत्याच्या कमरेला फेस आला. शिवणीतून आला, होल्स्टरच्या तोंडातून आला, माझ्या त्या काचेसारख्या कडांवरून ओघळला. काळ्या रंगाबरोबर करडा होऊन पँटवर उतरला. सगळ्या अंगणात लिंबाचा वास सुटला. आत्याने शेवटचा हिसका दिला आणि पिस्तूल सुळ्ळकन तिच्या मुठीतून निसटलं, फरशीवर घसरत, मागे फेसाची रेघ सोडत, थेट साहेबांच्या बुटांना जाऊन भिडलं.

साहेबांनी ते उचललं. पिस्तुलाच्या नळीच्या तोंडाशी एक बुडबुडा फुगत होता. फुगला, सुटला, हळूहळू वर गेला आणि साहेबांच्या चष्म्याच्या काचेवर फुटला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

“हे कुठून घेतलंत?” साहेबांनी चष्मा न पुसता विचारलं.

आत्याने माझ्या खिडकीकडे बघायचं टाळलं. इतकं नीट टाळलं की मला कळलं.

“बाजारातून, साहेब.”

मला वाटलं, सुटले. हो, अगदी हेच वाटलं. आत्या तिथे भिजून उभी होती आणि मला वाटलं, सुटले.

आणि माझ्या शेजारून, खिडकीतून धड बाहेर काढून, फाटकवाले काका अभिमानाने ओरडले, “बाजारातून नाही साहेब! या पोरीने केलंय! भाची आहे त्यांची! मला सगळं सांगितलंय हिने, पहिलं बक्षीस आहे!”

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. साहेबांनी अर्ध्या काचेतून माझ्याकडे बघितलं, मग आत्याकडे.

“फेसाचं एक वेळ मी समजू शकतो,” ते हळू आवाजात म्हणाले. “खोटं बोलणारा माणूस तिजोरीपाशी कसा ठेवू?”

शस्त्र जमा. नीट होल्स्टर आणून दाखवेपर्यंत फाटक.

संध्याकाळी आत्या घरी आली, पँट भिजत घातली आणि जेवायला बसली. रागावली असती तर मला निदान रडायला कारण मिळालं असतं. सेक्रेटरी काका येऊन म्हणाले की दोष साबणाच्या कंपनीचा आहे, हल्ली फेस जास्त करतात. काकू म्हणाल्या की त्यांना पहिल्यापासून शंका होती. वर्गात माझं नाव एका दिवसात ‘बुडबुडा’ पडलं. होल्स्टर मीच शिवतेय हे माझ्याच तोंडून सगळ्यांना आधी कळलेलं असल्यामुळे मला नाकारताही येईना.

सगळ्यात वाईट म्हणजे डबा. आत्या एकदा डबा विसरली आणि तो द्यायला मला जावं लागलं. टेबलामागे आत्या. शेजारी फाटकवाले काका, मान खाली घालून.

“कोणाकडे?” आत्याने विचारलं. विचारावंच लागतं, वर साहेबांच्या खिडकीतून सगळं दिसतं.

“तुझ्याकडे.”

“काय काम?”

“डबा.”

तिने पास फाडून मला दिला आणि लगेच परत घेतला. सगळे नियम पाळले. मग माझ्या चाळण झालेल्या बोटांकडे बघून म्हणाली, “मेण लाव त्यांना. चिघळतील.” मी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत धड गेले. पुढचं सांगत नाही.

त्याच आठवड्यात बाबांनी जेवणाच्या टेबलावर काहीतरी ठेवलं. लाकडाचं पिस्तूल. साधं, ओबडधोबड, पण गाठींशी जुळणारं. कधी कोरलं, कुठे कोरलं, कोणाला पत्ता नाही. ते म्हणाले, “लाकूड पाण्यात विरघळत नाही.” बाबांचं वाक्य पूर्ण झालं आणि आम्हाला पुढे काय करायचं तेच कळेना.

हस्तकलेच्या बाईंकडे मी चामडं मागायला गेले तेव्हा हळू आवाजात मागितलं. त्यांनी लगेच काढून दिलं. या वेळी दार लावून शिवलं. एकटीने दाबलं. फेस आला नाही, तरी मी दर थोड्या वेळाने वास घेत होते. सावलीत वाळवलं. रंग देऊन, पांढऱ्या फडक्याने पुसून पुसून, फडकं पांढरं राहीपर्यंत थांबले.

मग मी पुन्हा फाटकावर. “कोणाकडे? काय काम?” आत्याने विचारलं आणि मी पिशवी नुसती पुढे केली. फाटकवाले काका काहीतरी म्हणणार होते, मी हात जोडले. त्यांनी साहेबांना वर्दी दिली.

साहेब स्वतः खाली आले. त्यांनी होल्स्टर हातात घेतलं आणि बाकी काही बघायच्या आधी नाकाला लावलं. मग आत्याला पिस्तूल मागवून दिलं. ते आत गेलं. आत्याने एका हाताने ओढलं. निघालं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आवाजसुद्धा झाला नाही.

“हे कुठून आणलंत?”

मी जमिनीकडे बघत होते.

“घरी केलंय, साहेब. भाचीने.”

साहेबांचे बूट माझ्याकडे वळले. “साबण?”

“नाही सर. लाकूड.”

“हं,” साहेब म्हणाले आणि निघून गेले. माझ्या कलेबद्दल आजवर झालेली ही सगळ्यात थोडक्यात चर्चा. आत्या तशीच, पट्टा सावरत, आत तिजोरीकडे चालती झाली. जाता जाता तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. जरा जोरातच.

घरी आले तर जिन्यात सेक्रेटरी काका आणि समोरच्या काकू उभे. “काय गं,” काका म्हणाले, “तुझा तो कारखाना बंद पडला वाटतं?”

नव्या होल्स्टरचं सगळं ओठांपर्यंत आलं होतं. अगदी दातांपर्यंत.

“हो काका, बंद,” मी म्हणाले, आणि रंगाने काळी झालेली बोटं पाठीमागे लपवून त्यांच्या बाजूने वर गेले.